दुखण्याची गोळी: कशी बनते, काय करते



थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जाळं ओढलं की गुडघे, खांदे दुखणारच. मग मेडिकलमधून "दुखण्याची गोळी" आणायची, रात्री खायची आणि पहाटे परत नदीवर. आपल्या बऱ्याच घरांत हे रोजचं झालं आहे, म्हणून आज त्या गोळीबद्दल लिहितो आहोत.

पट्टी उलटून नाव वाचा. बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक असतं. डायक्लोफेनॅक 1973 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीत तयार झालं. ते झाडपाल्याचं नाही. कारखान्यात अ‍ॅनिलीन आणि क्लोरीन असलेल्या रसायनांपासून टप्प्याटप्प्याने बनवतात. शेवटी कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की डायक्लोफेनॅक सोडियम मिळतं. गोळीवर बहुधा असा थर असतो की ती जठरात न विरघळता आतड्यात विरघळते. म्हणून ती चावून किंवा फोडून खाऊ नका.

एसिक्लोफेनॅक हे डायक्लोफेनॅकपासूनच बनवतात. नावं वेगळी म्हणून दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या, तर एकाच जातीचं औषध दुप्पट पोटात जातं.

शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ सूज आणि दुखणं वाढवतात. गोळी ते कमी करते. पण तेच पदार्थ पोटाचं अस्तर सांभाळतात आणि किडनीचा रक्तपुरवठा टिकवतात. म्हणून आराम पडतो, पण पोटाला आणि किडनीला धोका वाढतो. गुडघ्याची झीज मात्र गोळीने भरून येत नाही.

गिधाडं आठवा. गुरांना हेच औषध दिलं जायचं. ती मेलेली गुरं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या. 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, तरी रोज महिनोन्‌महिने खाणं बरं नाही.

एवढं पाळा:
• डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. बीपी, शुगर, किडनी किंवा हृदयाचा त्रास आणि गरोदरपण आधी सांगा.
• उपाशीपोटी किंवा दारूसोबत नको. उन्हात डोंग्यावर असाल तर पाणी पीत राहा.
• काळी शौच, लघवी कमी, पायांवर सूज दिसली तर गोळी थांबवा, लगेच दवाखाना गाठा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे वाचून दाखवा.

आपला,
सचिव