फुप्फुसातली हवा लिटरमध्ये मोजा

फुगा फुगवून फुप्फुसांची क्षमता मोजण्याचा प्रयोग बऱ्याच शाळांत होतो. पण फुग्याचं रबर हवेला अडवतं, शिवाय त्याचा आकारही वेडावाकडा. त्या मापावर फारसा भरवसा नको. त्यापेक्षा हवा पाण्याखाली पकडा. लंडनच्या डॉ. जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली मांडलेल्या स्पायरोमीटरमध्येही श्वास पाण्यावर पालथ्या घातलेल्या भांड्यातच जमत असे.

पाच लिटरचा पारदर्शक कॅन, मोठा टब आणि गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली मीटरभर नळी आणा. कॅन उभा ठेवून मापाने पाव-पाव लिटर पाणी ओता आणि दर वेळी पातळीशी मार्करने रेघ मारून आकडा लिहा. पालथ्या कॅनमध्ये हवा बुडाकडे साठते, त्यामुळे याच आकड्यांवर ती थेट मोजता येते. वजाबाकी लागत नाही.

आता कॅन काठोकाठ भरा, झाकण लावा, टबात पालथा घाला आणि झाकण पाण्याखालीच काढा. टब तिसरा हिस्साच भरलेला असू द्या, नाहीतर कॅनमधून बाहेर पडलेलं पाणी वर्गभर होईल. दोघांनी कॅन धरावा. नळीचं एक टोक कॅनच्या तोंडात सरकवा.

फुंकणाऱ्याने नाक चिमटीत धरून छातीभर श्वास घ्यावा आणि नळीत सावकाश, अगदी शेवटपर्यंत सोडावा. खरी गडबड इथेच होते. ‘संपला’ म्हणणाऱ्या मुलाकडे बहुधा अजून बरीच हवा शिल्लक असते. ‘अजून, अजून’ म्हणत राहा. नळीतून हवा ओढायची मात्र नाही, पाणी तोंडात येईल. पातळी डोळ्यांच्या रेषेत वाचा. थोडी विश्रांती देत तीनदा फुंकायला सांगा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. सरासरी नको, कारण आपल्याला कमाल हवी आहे.

प्रत्येकाला तोंडाशी लावायला नळीचा वेगळा तुकडा द्याच. खोकला किंवा दमा असलेल्यांना नोंदी घेण्याचं काम द्या. चक्कर आली तर लगेच खाली बसवा.

मोठ्या माणसाचा आकडा साधारण तीन ते पाच लिटर येतो, नेहमीचा श्वास मात्र जेमतेम अर्ध्या लिटरचा. सगळी हवा सोडली तरी लिटरभर आत उरतेच; ती या कॅनमध्ये कधीच येणार नाही.

तक्त्यात आकड्याशेजारी उंचीही लिहा. उंच मुलांचा आकडा सहसा मोठा येतो, तेव्हा वर्गात पहिला-दुसरा नंबर काढत बसू नका.