मोटर आणण्यापूर्वी

स्पर्धेसाठी यंत्रमानव करायचा म्हटले, की यवतमाळ काय किंवा वणी-पुसद काय, मुले प्रथम मोटर कोणती आणायची हेच विचारतात. खरे तर तो प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न असा, की यंत्राने नेमके काय केले म्हणजे आपण जिंकू?

2014 साली पुण्याला आशिया-पॅसिफिक विभागाची ‘रोबोकॉन’ स्पर्धा झाली. विषय होता पालकत्व. ‘पालक’ यंत्र माणूस चालवी, ‘बालक’ यंत्र स्वयंचलित असे. पालकाने बालकाला सी-सॉ, खांबांवरची चाल, झोपाळा आणि जंगल-जिम या चार खेळांकडे न्यायचे. वेळ 3 मिनिटे.

या नियमांतून गरजा कशा काढाल? वेग, ताकद, पकड, हलकेपणा, देखणेपणा, सगळेच हवेसे वाटते. पण झोपाळ्यापाशी बालक पडले, तर धावून वाचवलेले पाच सेकंद काय कामाचे? म्हणून पकड पहिली. तीही मोघम नको. ‘पकड घट्ट हवी’ ही नुसती इच्छा झाली. ‘50 वेळा उचलले तर एकदाही सुटता कामा नये’ ही गरज, कारण ती तपासता येते.

दुसरा क्रमांक मी बालकाच्या वजनाला देईन. पुष्कळ जण तो वेगाला देतात. समजा, 5 किलोचे बालक पालकाने 0.6 मीटर लांब, आडव्या हाताच्या टोकाशी धरले. हाताचे स्वतःचे वजन तूर्त सोडून देऊ. बल 5 × 9.8 = 49 न्यूटन, आणि खांद्याशी आघूर्ण 49 × 0.6 = 29.4 न्यूटन-मीटर. बालक 3 किलोचे केले, तर हेच आघूर्ण सुमारे 17.6 होते. मग खांद्याला लहान मोटर पुरते, बॅटरीही हलकी चालते. शिवाय पालक पुढे कलंडण्याची भीती कमी. बंडीत कापूस आसाच्या मागे जास्त भरला, की ती उलाळ होते ना, तसेच हे. पालकाच्या पाठीशी वजन बांधून तोल साधेल. पण ते वजनही चाकांच्या मोटरींनाच वाहावे लागणार. तेव्हा बालकाला एखादी जादा मोटर बसवण्याचा मोह झाला, तर आधी पालकाच्या खांद्याला विचारावे!

वेग तिसरा. दोन्ही संघ न पाडता खेळू लागले, की मगच त्याचा निकाल लागतो. रंगरंगोटी उरलेल्या वेळात.

आता एक करून पाहा. ने-आण करताना हात दुमडून बालक 0.3 मीटरवर आणले, तर 5 किलोला आघूर्ण किती? मग 5 किलोचे बालक चालेल का? उत्तर देण्याआधी, त्याला झोपाळ्यावर ठेवताना हात किती लांबवावा लागेल, ते चित्र काढून मोजा.