रुग्णालयातील अग्निभय : धूर, भिंत आणि दरवाजा

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या 12 व्या अध्यायात दग्धाच्या प्रकारांबरोबरच धूमोपहताचेही वर्णन केले असून श्वासकष्ट, कास, नेत्रदाह व मूर्च्छा ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. आधुनिक इमारतींतील आगींचा अभ्यास करताना या विवेचनाचे महत्त्व आम्हास विशेष जाणवले.

9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास आग लागून 10 बालके मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 3 होरपळून, तर 7 गुदमरून दगावल्याचे शासनाने तेव्हा सांगितले होते. कोलकाता येथील आमरी रुग्णालयात डिसेंबर 2011 मध्ये आग तळघरात लागली. सुमारे 90 जणांचे प्राण मात्र प्रामुख्याने वर चढलेल्या धुराने घेतले.

आगीचे वर्तन : तप्त धूर प्रथम छताखाली साठतो, मग त्याचा थर खाली उतरतो. जिना व लिफ्टची पोकळी त्यास धुराड्यासारखी वाट देते. छतालगतचे तापमान सुमारे 600 अंश सेल्सिअस झाले की खोलीतील जळाऊ वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी जुळण्याची ओढ ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक असते.

इमारतीची अंगभूत संरक्षणव्यवस्था : शय्याग्रस्त रुग्णास जिन्याने त्वरित उतरविता येत नाही. यास्तव प्रत्येक मजल्याचे आगरोधक भिंती व दरवाजांनी स्वतंत्र भाग पाडावेत, म्हणजे रुग्णास त्याच मजल्यावरील शेजारच्या सुरक्षित भागात खाटेसह नेता येते.

गुहागरसारख्या गावी राहत्या घराचेच रुग्णालय झाले असल्यास पुढील गोष्टी अवश्य तपासाव्यात :

1. जांभ्याची भिंत पेटत नाही; परंतु ती छतापर्यंत न पोहोचता मध्येच थांबली असेल, तर धूर वरून पलीकडे जातो.
2. वायर व नळांसाठी भिंतीस पाडलेली छिद्रे आगरोधक द्रव्याने बुजवावीत.
3. आगरोधक दरवाजा आपोआप मिटणारा असावा. त्यास वीट लावून तो उघडा ठेवू नये.
4. स्नेहपाकाची शेगडी, तेल-तुपाचा साठा व ऑक्सिजन सिलिंडर एकमेकांपासून आणि रुग्णकक्षापासून अलग असावेत.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते कागदोपत्री न ठेवता तपासणीच्या वेळी वैद्याने स्वतः उपस्थित राहावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे आद्य सूत्र जितके रुग्णास, तितकेच रुग्णालयाच्या वास्तूसही लागू आहे.