कार्डाची उधारी आणि दुकानाची वही

क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेचे उधारीचे कार्ड. कार्ड दाखवले, माल घेतला, निघालो. खिशातून नोट गेली नाही, म्हणून खर्च झाला असे वाटत नाही. पण तो झालेला असतो. दुकानदाराचे पैसे बँक देते, आणि आपण बँकेचे देणेकरी होतो. वाण्याची उधारी निदान आपल्या डोळ्यांदेखत वहीत चढते. ही उधारी आपल्या पाठीमागे लिहिली जाते. म्हणून आपली वही आपण लिहावी.

आयकर धंद्याच्या नफ्यावर असतो. गल्ल्यात आलेल्या सगळ्या पैशावर नसतो. आलेल्या पैशातून धंद्याचा खर्च वजा जातो. पण तो धंद्याचाच होता हे दाखवता आले पाहिजे. नाही दाखवता आले, तर तपासणीत तो खर्च नाकारला जातो. मग जो नफा हाती आलाच नाही, त्यावर कर भरावा लागतो. वर व्याजही बसते.

समजा, एका बाईंचे शिवणाचे दुकान आहे. २८ मार्चला त्यांनी मशीन दुरुस्त करून घेतले आणि कार्डावर ३,६०० रुपये दिले. ३० मार्चला त्याच कार्डावर घरचा किराणा भरला, २,४०० रुपयांचा. एप्रिलमध्ये बँकेचे पत्रक आले, ६,००० रुपयांचे. मे महिन्यात बाईंनी ते फेडले. आता सांगा, दुकानाचा खर्च किती? आणि कोणत्या वर्षाचा?

पुष्कळ जण मे महिन्यात ६,००० रुपये खर्च टाकून मोकळे होतात. ते बरोबर नाही. दुकानाचा खर्च ३,६०० च. उधारी धरून हिशेब लिहिण्याची बहुतेक धंद्यांची रीत आहे. त्या रीतीने तो खर्च मार्चचा, म्हणजे ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा. किर्दीत असे लिहावे :

२८ मार्च. मशीन दुरुस्ती, दुकान खर्च, कार्डाने : ३,६००
३० मार्च. मालकाची उचल, घरखर्चास, कार्डाने : २,४००
मे. कार्डाचे देणे फेडले : ६,०००

शेवटची ओळ खर्चाची नव्हे, देणे फेडल्याची आहे. तीही खर्चात धरली, तर दुकानाचा खर्च ९,६०० दिसेल. तीच दुरुस्ती दोनदा, आणि वर घरचा किराणा! हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेतून हे सुटत नाही.

कुणी म्हणेल, “गुरुजी, बँकेचं पत्रक येतंच की. मग वही कशाला?” पत्रकात तारीख असते, दुकानाचे नाव असते, रक्कम असते. काय घेतले ते नसते. कापडवाल्याकडून गिऱ्हाइकासाठी अस्तर घेतले की मुलीच्या फ्रॉकचे कापड, हे पत्रकाला काय ठाऊक? ते बिलावरून कळते. म्हणून बिल मागून घ्यावे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत चिठ्ठीवर विसंबू नये. तिची अक्षरे पुढे उडून जातात. तिचा मोबाइलवर फोटो काढावा किंवा झेरॉक्स करावी, आणि कशासाठी खर्च केला ते त्याच दिवशी पेनाने लिहावे. आम्ही शाळेची बिले महिन्यावार तारेत ओवून ठेवत असू. ती युक्ती अजून चांगली आहे. बिले सात-आठ वर्षे जपावीत.

आमचे मत विचाराल तर घरचे कार्ड निराळे आणि दुकानाचे निराळे ठेवावे. निम्मी कटकट तिथेच संपते.

नवे मशीन कार्डावर हप्त्याने घेतले, तर दर महिन्याचा हप्ता खर्चात टाकू नये. मशीन वर्षानुवर्षे चालते. त्याच्या किमतीतून दर वर्षी घसारा वजा मिळतो. हप्त्यातले व्याज तेवढे खर्चात जाते.

व्याजाचे सांगायलाच हवे. पत्रकात ‘किमान रक्कम’ छापलेली असते. तेवढीच भरली तर उरलेल्या रकमेवर व्याज चढते, बहुतेक कार्डांवर दरमहा शेकडा ३ हून अधिक. दुकानाच्या खरेदीवरचे व्याज दुकानाचा खर्च होईल. किराण्यावरचे होणार नाही. पण करात थोडे वाचते म्हणून असले व्याज भरणे म्हणजे चार आण्यांसाठी रुपया घालवणे.

कार्डाचा एक फायदाही आहे. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले, तर तो खर्च सहसा वजा मिळत नाही. कार्डाने दिलेल्या पैशाला ही अडचण नाही.

लहान धंद्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा धरून कर भरण्याची सोय आहे. ती घेतली तर एकेक खर्च निराळा वजा होत नाही. आपल्याला काय सोयीचे, हे वही घेऊन जाणत्या माणसाला विचारावे.

सराव : ४ एप्रिलला बाईंनी कार्डावर दुकानाच्या विजेचे बिल भरले, ८५० रुपये, आणि घरासाठी कुकर घेतला, १,९०० रुपये. मे महिन्यात २,७५० रुपये बँकेला दिले. या तीन ओळी आपल्या वहीत लिहा, आणि दुकानाच्या खर्चाखाली रेघ ओढा.