अभनपूरच्या उन्हातली चीड

रायपूरजवळ अभनपूरला, राजिम रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. यंदा तिला एकवीस वर्षं झाली. नवा रायपूरमध्ये घरं उठू लागली तसे लोक येऊन 'पहाडी झाड द्या भैया' म्हणू लागले. त्या मागणीपायी माझ्या हातून किती रोपं गेली हे आठवलं की आजही जीव हळहळतो. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

१. पाऊस किती पडतो, त्याआधी तो कधी पडतो ते बघा. रायपूरकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस होतो. चिडीला, म्हणजे पहाडी पाइनला, तेवढा पुरेल असं मी धरून चाललो होतो. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा कोरड्या उष्म्यात सुया आपली रंध्रं मिटून घेतात. पाणी वाचतं, पण हवा आत जात नाही, अन्न बनत नाही, शेंडा जागचा हलत नाही. मला वाटलं रोप तहानलेलं आहे. मी रोज पाणी वाढवत गेलो आणि मुळं कुजली.

२. मोरपंखी आतून तपकिरी पडू लागली की पाण्याचा पाइप हातात घेण्याआधी पांढरा कागद घ्या. डहाळी त्यावर झटका. तांबडे ठिपके हळूहळू चालू लागले, तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात तो झपाट्यानं वाढतो.

३. माती नावानिशी ओळखा. इथला शेतकरी भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी चार नावं सहज घेतो. काळी कन्हार भाताला सोन्यासारखी. पण पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळं तोडते. माझी जगलेली चीड मटासीत, बांधालगतच्या उंचवट्यावर आहे.

४. हे शिकायला मला सर्वांत जास्त वर्षं लागली. चीड एकटी वाढत नाही, तिच्या मुळांना बुरशीची सोबत लागते. बुरशीचे धागे दूरवरचं पाणी आणि स्फुरद आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. उष्ण देशांत पाइन लावण्याचे सुरुवातीचे कितीतरी प्रयत्न ही सोबत नसल्यानं फसले. पाइनच्या रानातली माती नेऊन टाकल्यावर रोपं हिरवी झाली. मीही कुमाऊँहून नातेवाइकाकडून पिशवीभर माती मागवली. पुढच्या वर्षी कुंडी उलटली, तेव्हा मुळांवर पांढरी जाळी होती आणि वास अळंब्यांचा.

त्या वासानं मला बस्तरचा बोडा हा अळंबीचा प्रकार आठवला. पहिल्या पावसानंतर सालाच्या झाडांखाली मातीतून निघणारा, बाजारात मटणाहून महाग विकला जाणारा. तोही अशाच सोबतीतून येतो. साल नाही तर बोडा नाही. सत्तरच्या दशकात त्याच बस्तरमध्ये सालाचं रान काढून कागदासाठी कॅरिबियन पाइन लावण्याची योजना आली, जागतिक बँकेच्या मदतीनं. आदिवासींनी कडाडून विरोध केला आणि ती गुंडाळावी लागली. फार बरं झालं. पाइन कदाचित वाढलाही असता, पण सालाच्या बिया, डिंक, पत्रावळीची पानं, बोडा हे सगळं त्याच्याखाली कुठून येणार होतं? एका झाडाच्या वाढीचा हिशेब करताना त्याच्या जागी काय होतं, तेही मांडलं पाहिजे.

५. वाकडं वाढलेलं प्रत्येक झाड आजारी नसतं. 'क्रिसमस ट्री' म्हणून आपण विकतो ते बहुतेकदा न्यू कॅलेडोनियाकडचं कुक पाइन. ते विषुववृत्ताकडे झुकतं, असं २०१७ मध्ये अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतली झाडं मोजून दाखवलं: आपल्याकडे दक्षिणेला, पलीकडच्या गोलार्धात उत्तरेला. एक गिऱ्हाईक रागानं आलं, म्हणालं, तिरपं झाड दिलंत. मी त्यांना घेऊन फाटकापाशी गेलो. तिथली माझी दोन्ही झाडं दक्षिणेला, धमतरीच्या बाजूला कललेली होती. ते बराच वेळ बघत राहिले, मग घरी जाऊन त्यांनी झाडाला बांधलेली दोरी सोडली.