डॉक्टर कोर्चाक आणि त्यांची मुले

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे १९१२ साली ज्यू मुलांचे एक अनाथालय उभे राहिले. त्याचे संचालक डॉक्टर यानुश कोर्चाक हे मुलांचे वैद्य होते आणि लेखकही होते. या अनाथालयात मुलांचे न्यायालय भरत असे. न्यायाधीशही मुलेच! कोणी कोणास मारले, कोणी कोणाची वस्तू लपविली, अशा फिर्यादी तेथे येत. त्यांच्या कायद्यातील बहुतेक कलमे क्षमेचीच होती. खुद्द डॉक्टरांनाही या न्यायालयापुढे उभे राहावे लागले होते.

१९३९ साली हिटलरच्या जर्मनीने पोलंड जिंकला. ज्यू म्हणून जन्म घेणे, एवढाच नाझी राजवटीच्या दृष्टीने ज्यूंचा अपराध होता. १९४० च्या नोव्हेंबरात वॉर्सातील चार लाखांवर ज्यूंना उंच भिंतीआड कोंडण्यात आले. या कोंडवस्तीस घेट्टो म्हणत. अनाथालयासही तेथे जावे लागले. जाताना मुलांच्या बटाट्यांची गाडी सैनिकांनी हिसकावून घेतली. ती परत मागण्यास डॉक्टर अधिकाऱ्यांकडे गेले. ज्यूंना सक्तीची असलेली दंडावरील पट्टी त्यांनी बांधली नव्हती. तेव्हा बटाटे राहिले बाजूला, त्यांनाच तुरुंगात टाकण्यात आले.

घेट्टोत भूक आणि रोगराई यांनी माणसे रस्त्यावर मरून पडत. तशा दिवसांत, १८ जुलै १९४२ रोजी, या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. त्यातील आजारी अमल घराबाहेर पडू शकत नाही. तो खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. भिंतीआडच्या मुलांना हा बंगाली मुलगा परका वाटला नसावा.

चारच दिवसांनी घेट्टोतील लोकांना आगगाडीने ट्रेब्लिंका येथे नेण्यास आरंभ झाला. तेथे विषारी वायूने माणसे मारीत. डॉक्टरांनी निसटून जावे म्हणून मित्रांनी पूर्वीच खटपट केली होती. पण मुलांना टाकून जाण्यास ते तयार नव्हते. ऑगस्टच्या आरंभी अनाथालयाची पाळी आली. सुमारे दोनशे मुले रांगेने स्थानकाकडे चालत गेली. डॉक्टर आणि त्यांच्या जुन्या सहकारी स्टेफा विल्चिन्स्का त्यांच्याबरोबर होत्या. त्यांपैकी कोणीही परतले नाही.

१९४५ पर्यंत नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. एवढे आकडे मनात मावत नाहीत. ट्रेब्लिंका येथे आज हजारो ओबडधोबड शिळा उभ्या आहेत. अनेक शिळांवर गावांची नावे कोरलेली आहेत. व्यक्तीचे नाव मात्र एकाच शिळेवर आहे. तिच्यावर कोर्चाकांच्या नावापुढे ‘आणि मुले’ एवढेच शब्द आहेत.