बेंजो पार्टीचा स्वतःचा पत्ता

घाटकोपरच्या भटवाडीत किंवा मुलुंडच्या एखाद्या चाळीत नवी बेंजो पार्टी उभी राहते, तेव्हा कामांचा क्रम ठरलेला असतो. आधी नाव, मग टी-शर्ट, मग इन्स्टाग्राम. वेबसाइटचा विषय निघालाच तर ‘इन्स्टावर सगळं आहेच की’ म्हणून तिथेच मिटतो. इन्स्टावर असावंच. पण 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथे जमवलेली सगळी गर्दी एका रात्रीत पांगली. मायस्पेसने तर 2019 मध्ये कबूल केलं, की सर्व्हर बदलताना 2003 ते 2015 या काळात लोकांनी चढवलेलं संगीत हरवलं. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं की हे व्हायचंच. म्हणून आपला एक पत्ता हवा, एका पानाचा का असेना.

हे पान कुणासाठी, ते आधी ठरवा. आपल्या पोरांसाठी नाही. सुपारी द्यायला निघालेला मंडळाचा खजिनदार किंवा हळदीच्या घाईत असलेला नवऱ्या मुलाचा मामा, हाच आपला वाचक. त्याला चार गोष्टी हव्या असतात: माणसं किती, वाद्यं कोणती, तारीख मोकळी आहे का आणि फोन कुणाला करायचा. पार्टीचा इतिहास त्याला नको असतो.

नाव घेताना एक परीक्षा करा. मागे ताशा वाजत असताना मित्राला फोनवर पत्ता एकदाच सांगा आणि त्याने काय टाइप केलं ते बघा. चुकला तर नाव बदला, निदान स्पेलिंग तरी सोपं करा. ‘.भारत’ हा देवनागरी पत्ता 2014 पासून मिळतो. हौसेने जरूर घ्या, पण मुख्य पत्ता रोमन लिपीतलाच ठेवा, कारण बहुतेकांचं बोट तिकडेच जातं. नाव टिकेल असं वाटत असेल तर ट्रेडमार्कच्या वर्ग 41 मध्ये, म्हणजे करमणुकीच्या सेवांमध्ये, ते आधीच कुणी नोंदवलंय का हेही पाहून घ्या. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर शुल्क 4,500 रुपये आहे.

पुढची गोष्ट सांगताना माझा आवाज थोडा चढतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे? बहुतेक वेळा वेबसाइट करून देणाऱ्या भाच्याच्या. भाचा नोकरीसाठी पुण्याला जातो, त्याचा जुना ई-मेल बंद पडतो, वर्षाने नूतनीकरणाची सूचना त्याच मेलवर येते आणि पत्ता हातचा जातो. पार्टी फुटली तर भांडण आणखी वेगळं. म्हणून पार्टीच्या नावाने स्वतंत्र ई-मेल काढा, त्याच्यावरच डोमेन घ्या, पासवर्ड दोघांकडे ठेवा आणि नाव कुणाचं, पत्ता कुणाचा हे पहिल्या सुपारीच्या आधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. जमलं तर दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरून टाका.

आता पान. आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे नाक्यावरचा फ्लेक्स जसाच्या तसा चढवणं: मधोमध गणपती, बाजूला गॉगल लावलेली बारा पोरं, वर दादांचा फोटो आणि खाली नंबर, सगळं एकाच चित्रात. त्या चित्रातल्या नंबरला बोट लावून फोन लागत नाही, आणि शोधताना तो मजकूर सापडेल याचाही भरवसा नसतो. नाव, वाद्यं, ठिकाण, नंबर हे सगळं अक्षरात लिहा. नंबरवर बोट ठेवलं की फोन लागावा. शेजारी व्हॉट्सअॅपचा दुवा असावा. पत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये आला असेल तर तो चिकटवू नका, वेबवर त्याची भुतं होतात. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्त आणि बलू हे फाँट गुगलवर फुकट मिळतात, बलू तर मिरवणुकीसाठीच काढल्यासारखा दिसतो.

बेंजो या शब्दाचीही एक गंमत आहे. आपला बेंजो म्हणजे अमेरिकन बॅंजो नव्हे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये काढलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्याचा तो वंशज. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. पण रोमन लिपीत नुसतं ‘बॅंजो’ लिहिलं की शोधणाऱ्यापुढे ते गोल चामड्याचं वाद्य येऊन बसतं. म्हणून पानाच्या शीर्षकात ‘बेंजो पार्टी’ आणि जागेचं नाव जोडीने घ्या, आणि रोमनमधली दोन्ही स्पेलिंगं कुठेतरी वाक्यात येऊ द्या. जागा लिहायची ती स्टेशन आणि बाजू धरून: घाटकोपर पश्चिम, मुलुंड पूर्व. मुलुंडची पार्टी बोरिवलीला जाते का, टेम्पोचं भाडं कुणाकडे, हेही त्याच ओळीत सांगून टाका.

वाद्यांची यादी नेमकी द्या: बेंजो एक, कीबोर्ड एक, ढोलकी, कच्छी ढोल, ताशा, ऑक्टोपॅड आणि माणसं एकूण किती. स्पीकरची ट्रॉली आणि जनरेटर आपला की मंडळाचा, तेही लिहा. मिरवणुकीच्या दिवशी निम्मी भांडणं यावरूनच होतात. दर मात्र मी लिहिणार नाही. माणसं, तास आणि अंतर यांवर तो ठरतो, एवढंच सांगावं.

व्हिडिओ एकच पुरे, मिनिटभराचा. फोन आडवा धरा आणि स्पीकरच्या तोंडासमोरून हला. पंधरा-वीस फूट बाजूला उभं राहिलं तर बेंजो ऐकू येतो, नाहीतर नुसती फरफर. व्हिडिओ यूट्यूबवर चढवून पानात जोडा, म्हणजे पान जड होत नाही. धून शक्यतो स्वतः बांधलेली असू दे. लग्नाच्या वरातीत किंवा धार्मिक विधीत गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे, पण वेबसाइटवर कायम ठेवलेल्या व्हिडिओला ती लागू होईलच असं धरू नका. सिनेमाच्या गाण्यावर हक्कदाराचा दावा आला, तर मुखपृष्ठावरचा व्हिडिओच मुका होऊ शकतो.

नियमांची एक ओळ ठळक हवी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सरकार वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा पट्टा सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. परवानगी मंडळाने काढायची, आणि वेळ संपली की आम्ही थांबणार, हे पानावर छापलेलं असलं की रात्री दहाला वाद घालावा लागत नाही.

तारखांचा तक्ता मात्र नियमित भरणार असाल तरच ठेवा. गेल्या वर्षीचं ‘आगमन बुकिंग सुरू’ तसंच राहिलं, तर पार्टी मोडली असं लोक समजतात. आणि हंगाम अनंत चतुर्दशीला संपला असंही धरू नका. आझाद नगरचा अंधेरीचा राजा, 1966 पासूनचा, वर्सोव्याकडे निघतो तो त्यानंतरच्या संकष्टीला. पुढे नवरात्र, मग लग्नं.

सगळं झालं की पार्टीबाहेरच्या एखाद्या काकांच्या हातात फोन द्या. वायफायवर नको, घाटकोपर ते मुलुंड लोकलमध्ये, मोबाइलच्या डेटावर. सांगा, ‘हळदीसाठी चौकशी करायचीय, फोन लावा.’ विक्रोळी यायच्या आत त्यांना नंबर सापडला नाही, तर वरचा तो बारा पोरांचा फोटो काढून टाका आणि त्या जागी नंबर घाला.